फ्रीजर गार, खालचा कप्पा कोमट

आमच्या फ्रीजरमध्ये बर्फ कडक जमत होता आणि त्याच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दूध नासत होतं. जुलैचा महिना, बाहेर धो धो पाऊस, हवा इतकी दमट की बरणीतल्या मिठालाही पाणी सुटलेलं. आधी वाटलं, दुधाची पिशवीच शिळी आली असेल. मग लोणी मऊ लागलं, कोथिंबीर लिबलिबीत झाली आणि भाजीच्या ट्रेखाली पाणी साचलेलं दिसलं. तेव्हा दोष दुधाचा नाही, फ्रीजचा आहे हे कळलं.

आमच्या घरात हा प्रश्न दुधापुरता नव्हता. सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. न उघडलेली पेनं २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागतात. तापमान वर गेलं की औषधाची ताकद कमी होत जाते, आणि गोठलं तर ते टाकूनच द्यावं लागतं. बिघडलेलं इन्सुलिन बघून ओळखता येईलच असं नाही. म्हणून सगळ्यात आधी मी ती पेनं एका डब्यात घालून, वर नाव लिहून शेजारच्या वहिनींकडे दिली आणि सांगितलं, "वहिनी, दाराच्या कप्प्यात नको, मधल्या फळीवर ठेवा." दार उघडझाप करताना दारातल्या वस्तूंचं तापमान सर्वांत जास्त वरखाली होतं.

आम्ही मुलुंडला राहतो. स्वयंपाकघर लहान, ओटा आणि भिंत यांच्यामधल्या खोबणीत दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीज. ओळखीतून एक मेकॅनिक आला. खालचं दार उघडून हात आत घातला, मागे कॉम्प्रेसरला हात लावला आणि म्हणाला, "ताई, गॅस संपलाय. भरावा लागेल. कॉम्प्रेसरपण वीक झालाय." खर्च तीनेक हजारांच्या घरात सांगितला.

मी विचारलं, "दादा, गॅस संपला तर वर बर्फ कसा होतोय?"

"थोडा शिल्लक असतो ना, ताई."

फ्रीजरचं दार त्याने उघडलंही नव्हतं. विचार करून कळवते, असं सांगून मी त्याला चहा दिला आणि पाठवलं.

मुंबईत फ्रीज बिघडला की दहातले बहुतेक जण 'गॅस गेला' हेच ऐकतात, म्हणून या गॅसबद्दल थोडं सविस्तर सांगते. फ्रीजमधला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तांब्याच्या, ॲल्युमिनियमच्या बंद नळ्यांमधून तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कुठे गळती झाली तरच तो कमी होतो. आमच्या फ्रीजच्या मागच्या पट्टीवर आर-६००ए असं लिहिलंय, म्हणजे आयसोब्युटेन. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसच्याच घराण्यातला, तसाच पेट घेणारा. घरगुती फ्रीजमध्ये तो साधारण ५०-६० ग्रॅमच असतो, आणि नेमका किती ते त्या पट्टीवर छापलेलं असतं. एवढ्याशा गॅसमधून गळती झाली तर फ्रीजरही ढिला पडतो. बर्फ नीट जमत नाही, आइस्क्रीम पातळ होतं. आमच्याकडे नेमकं उलट चाललं होतं.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये गारवा तयार होतो एकाच जागी, फ्रीजरच्या मागच्या प्लॅस्टिकच्या पाठीआड. तिथे थंड नळ्यांची कॉइल असते आणि तिच्यावर एक छोटा फॅन. तो फॅन गार हवा फ्रीजरमध्ये सोडतो आणि त्यातली थोडी हवा एका वाटेने खालच्या कप्प्यात जाते. खालचा कप्पा स्वतः गार होतच नाही, त्याला वरून उसना गारवा मिळतो. त्यामुळे वर दगड आणि खाली कोमट असं झालं, तर पहिला संशय हवेच्या वाटेचा घ्यायला हवा. फॅन बंद असेल, नाहीतर वाट बर्फाने बुजली असेल.

वाट बुजते कशी, याचं उत्तर मुंबईच्या हवेत आहे. दार उघडलं की दमट हवा आत शिरते आणि तिच्यातलं पाणी त्या कॉइलवर बर्फ होऊन बसतं. पावसाळ्यात तर प्रत्येक उघडझापीला. हा बर्फ साचू नये म्हणून कॉइलखाली एक हीटर असतो. फ्रीज ठरावीक तासांनी कॉम्प्रेसर थांबवून तो हीटर थोडा वेळ चालवतो, बर्फ वितळतो, पाणी खालच्या भोकातून नळीवाटे मागच्या बाजूला कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये पडतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. हे दिवसरात्र आपल्या नकळत चालू असतं. त्यातला एक दुवा तुटला की कॉइल बर्फाने गच्च भरते, फॅनची हवा पलीकडे जात नाही, आणि कॉइलला चिकटून असलेला फ्रीजर तेवढा गार राहतो.

मी दोन गोष्टी करून पाहिल्या. फ्रीजरचं दार उघडल्यावर फॅन थांबतो, म्हणून दाराच्या चौकटीतलं छोटं बटण बोटाने दाबून धरलं. फॅन चालू झाला, पण त्याचं पातं कशाला तरी घासत असल्यासारखा खरखर आवाज आला. मग खालच्या कप्प्यात, जिथून गार हवा येते त्या जाळीसमोर पतंगाच्या कागदाची पट्टी धरली आणि तिथलंही बटण दाबलं. पट्टी हलली नाही.

तेव्हा फ्रीज पूर्ण रिकामा करून वितळवायचा ठरवला. मासळीबाजारातल्या ओळखीच्या मावशींकडून थर्माकोलची पेटी आणि बर्फ आणला. त्यात दूध, दही, ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि फ्रीजरमधली कोलंबी. इडलीचं पीठ त्याच दिवशी संपवलं. शिजवलेलं जे खालच्या कोमट कप्प्यात राहिलं होतं ते वास न घेता टाकून दिलं. अन्न बिघडलंय की नाही हे वासावर ठरवू नये, पोट बिघडवणारे सगळे जंतू वास सोडत नाहीत. मग प्लग काढला, दोन्ही दारं सताड उघडी ठेवली, खाली जुने टॉवेल आणि चादरी पसरल्या.

पुरता एक दिवस तरी थांबायला हवं. दोन-तीन तासांत समोरचा बर्फ जातो आणि काम झालंसं वाटतं, पण पाठीमागचा आणि हवेच्या वाटेतला बर्फ तसाच असतो. सुरी, उलथनं, स्क्रूड्रायव्हर काहीही आत लावायचं नाही. त्याबद्दल पुढे सांगणारच आहे. वितळताना माझ्या लक्षात आलं की पाणी मागच्या ट्रेकडे न जाता आतल्या आत खालच्या कप्प्यात उतरतंय. म्हणजे पाणी बाहेर जायची नळीही तुंबलेली होती.

फ्रीज पुन्हा सुरू केला. रात्रीपर्यंत खालचा कप्पा छान गार. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण आठवडा-दहा दिवसांत पुन्हा तेच, लोणी मऊ आणि जाळीसमोरची पट्टी निश्चल.

ही गोष्ट निराश करणारी वाटते, पण निदानासाठी यापेक्षा चांगला पुरावा नाही. हाताने वितळवल्यावर फ्रीज नीट चालला, याचा अर्थ गॅस आहे, कॉम्प्रेसर धडधाकट आहे, फॅनही चालतो. काही दिवसांनी पुन्हा बंद पडला, याचा अर्थ फ्रीजला स्वतःहून बर्फ वितळवता येत नाहीये.

या वेळी स्टेशनजवळ दुरुस्तीचं दुकान असलेल्या एका काकांना फोन केला आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "वैनी, मग आता वितळवू नका. तसाच ठेवा. मला बर्फासकट बघायचाय." हे ऐकूनच विश्वास बसला. आजार बघायचा तर तो असताना बघायला हवा.

काका आले, प्लग काढला, फ्रीजरमधलं सामान पेटीत हलवलं आणि मागच्या पाठीचे स्क्रू काढले. पाठ बर्फाला घट्ट चिकटली होती. त्यांनी ती ओढली नाही. हेअर ड्रायर मंद ठेवून, लांबून फिरवत, हळूहळू सोडवली. आतलं दृश्य बघून मी थक्क झाले. कॉइल दिसतच नव्हती, वरपासून खालपर्यंत पांढरी भिंत.

"गॅस कमी असता ना, तर कॉइलच्या सुरुवातीच्या भागावर तेवढा बर्फ धरला असता आणि बाकीची कोरडी राहिली असती," काका म्हणाले. "ही बघा, सगळी सारखी भरलीय. गॅसला काही झालेलं नाही."

बर्फ उतरवून झाल्यावर त्यांनी विजेची जोडणी तपासायचा मीटर काढला. हीटरवर १५० वॅट लिहिलं होतं. २३० व्होल्टवर १५० वॅटच्या हीटरचा रोध साधारण साडेतीनशे ओहम भरतो. मीटर त्याच्या आसपास थांबला, हीटर ठीक. मग कॉइलला क्लिपने अडकवलेली गोल डबी, तिला ते बायमेटल म्हणतात. ती थंडीत जोडलेली असते आणि कॉइल पुरेशी तापली की सुटते, म्हणजे हीटर थांबतो. काकांनी ती मुठीत धरून गरम केली, तरी सुटेना. चिकटून बसली होती. आणि तिच्या शेजारचा थर्मल फ्यूज मेलेला. सगळं एका साखळीत बसलं. बायमेटल सुटत नाही म्हणून हीटर नको तितका तापला, धोक्याच्या तापमानाला फ्यूज वितळला आणि त्याने हीटरची वीजच तोडली. तेव्हापासून बर्फ वितळणं बंद. हा फ्यूज एकदाच उडतो, पुन्हा जोडला जात नाही.

काही जण अशा वेळी फ्यूज काढून वायर सरळ जोडून देतात. फ्रीज चालू होतो, गिऱ्हाईक खूश होतं. कृपा करून असं कुणालाही करू देऊ नका. आत प्लॅस्टिक, थर्माकोल आणि पेट घेणारा गॅस असताना तापणाऱ्या हीटरवरचा शेवटचा पहारेकरी तो फ्यूज आहे.

काका दुकानातून नवा बायमेटल आणि फ्यूज घेऊन आले. बसवण्याआधी मी विचारलं, "काका, हा नवा बायमेटल तर मीटरवर काहीच दाखवत नाहीये. खराब निघाला का?" त्यांना प्रश्न आवडला असावा. त्यांनी वाटीत बर्फाचा चुरा मागितला, त्यावर मूठभर मीठ घातलं आणि डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात खुपसली. वितळणारा नुसता बर्फ शून्याच्या खाली जात नाही. मीठ घातलं की जातो, पॉटमध्ये आइस्क्रीम जमतं ते त्यामुळेच. थोड्या वेळाने टक्‌ असा आवाज झाला आणि मीटर वाजला. घरातल्या तापमानाला बायमेटल सुटलेलाच असायला हवा. तो तसा दिसला म्हणून चांगला भाग खराब ठरवून बदलणारेही भेटतात, असं काका म्हणाले.

मग नळी. कॉइलखालच्या पन्हळीच्या मधोमध ते भोक. त्यात बर्फाचा खडा आणि त्याखाली काळपट गाळ. काकांनी औषधाच्या दुकानात मिळते ती मोठी, सुई नसलेली सिरिंज वापरली. कोमट पाणी थोडं थोडं सोडत राहिले. आधी पाणी वर यायचं, मग एकदम गुडूप करून गेलं. मागे ट्रेत पडल्याचा आवाज ऐकू आला तेव्हा काम झालं.

त्या ट्रेसाठी फ्रीज पुढे ओढला आणि बरं झालं ओढला. तळाशी साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं पावसाळ्यात घरी येतात, तेव्हा मनीप्लांटच्या बाटलीसोबत फ्रीजमागचा ट्रेही तपासतात, कारण डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो, म्हणून ट्रे आठवड्यातून एकदा कोरडा व्हायलाच हवा. महिन्याची साफसफाई इथे उपयोगाची नाही. आमचा ट्रे आता दर शुक्रवारी निघतो. काही फ्रीजमध्ये तो कॉम्प्रेसरवर पक्का बसवलेला असतो. तिथे प्लग काढून जुन्या फडक्याने पाणी टिपून घ्यायचं.

एवढा बर्फ धरायला दाराच्या रबराचाही हातभार होता, हे काकांनी जाताना दाखवलं. दहाची नोट दारात अडकवून दार लावायचं आणि नोट ओढायची. नीट घट्ट ओढावी लागली तर रबर चांगलं. आमच्या खालच्या कोपऱ्यात ती अलगद बाहेर आली. रबराच्या घडीत काळी बुरशी होती. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश आणि घडी उलगडून धरायला दुसरा हात, यात ती निघाली. नंतर कोरडं पुसणं महत्त्वाचं, नाहीतर पावसाळ्यात आठवड्यात परत येते. वळलेला कोपरा ड्रायरने किंचित गरम करून बोटांनी सरळ केला आणि दार रात्रभर लावून ठेवलं. बसला. फाटलेलं किंवा कडक झालेलं रबर मात्र असं सुधारत नाही, ते बदलावंच लागतं. पुढचे पाय थोडे वर घेऊन फ्रीज किंचित मागे कलता ठेवला, म्हणजे अर्धवट सोडलेलं दार आपोआप लागतं. लहान मुलं असलेल्या घरात याचा फार उपयोग होतो.

स्वच्छतेचं बोलायचं तर काचेच्या फळ्या बाहेर काढून थोडा वेळ तशाच ठेवते, मग धुते. गार काचेवर गरम पाणी पडलं तर ती तडकू शकते. बोंबील, कोलंबी, बांगडा ठेवणाऱ्या घरात वास येतो तो बहुधा फळीचा नसतो. तो रबराच्या घडीत, भाजीच्या ट्रेखाली आणि पाण्याच्या नळीत बसलेला असतो. नुसत्या फळ्या पुसून वाटीत लिंबू ठेवणं म्हणजे वासावर पांघरूण घालणं. मासळी धुऊन, निथळून, घट्ट झाकणाच्या डब्यातच आत जाते. आमटी-भाजी वाफ गेल्यावर झाकूनच ठेवते, कारण उघड्या पातेल्यातली वाफ शेवटी त्या कॉइलवरच जाऊन बसते. आणि हवेच्या जाळीसमोर काहीही टेकवत नाही. गणपतीत खोबरं, खवा, दूध, फुलं यांनी फ्रीज ठासून भरतो तेव्हा हे सांभाळायला सर्वांत अवघड जातं. फुलं आता ओल्या फडक्यात गुंडाळून बाहेरच राहतात.

फ्रीजच्या दोन्ही बाजू गरम लागतात म्हणून सासूबाई काळजीत होत्या. आजकालच्या बहुतेक फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात, त्या गरम लागणारच. त्यांना हवा मात्र मिळायला हवी. आमचा फ्रीज खोबणीत दोन्हीकडून चिकटलेला होता. बाजूची तांदळाची कोठी हलवून जागा केली.

दुरुस्ती झाल्यावर इन्सुलिन लगेच परत आणलं नाही. मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात थर्मामीटर बुडवला आणि रात्रभर राहू दिला. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं सांगतं ते खरं. सकाळी ४ अंश. आणखी काही रात्री हेच बघितलं, आधीची आठवडा-दहा दिवसांची मुदत उलटून जाऊ दिली, मग पेनं वहिनींकडून आणली. ती मधल्या फळीवर पुढच्या बाजूला असतात. मागे जाळीजवळ गोठण्याची भीती असते. थर्मामीटर आता कायमचा तिथेच आहे.

गॅस खरोखर जातो तेव्हाचंही पाहिलंय. गिरगावात माझी नणंद राहते, तिचा एका दाराचा साधा फ्रीज. त्यात फ्रीजरच्या भिंतीच कॉइल असतात, बर्फ उघड्यावर साचतो आणि बटण दाबून वितळवावा लागतो. घाईच्या वेळी चिकटलेला बर्फाचा ट्रे तिच्याकडच्या पाहुण्याने सुरीने सोडवला. सुर्रर आवाज झाला आणि संध्याकाळपर्यंत फ्रीजर कोमट. कॉम्प्रेसर अखंड चालू, बाजू मात्र गरम नाहीत, बर्फ कुठेच नाही. तिथे निदान चुकायला जागाच नव्हती. काकांनाच पाठवलं. त्यांनी आधी खिडक्या उघडायला लावल्या, शेगडी बंद करायला सांगितली, छिद्र बुजवलं, फिल्टर बदलला, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांमधली हवा आणि ओल काढून टाकली आणि मग वजनकाट्यावर मोजून पट्टीवर लिहिला होता तेवढाच गॅस भरला. कुणी गळती न शोधता, व्हॅक्यूम न करता, अंदाजाने गॅस भरून देत असेल तर तो त्याच छिद्रातून पुन्हा जाणार आहे. गॅस भरायला येणाऱ्याला फोनवरच विचारून घ्या, "दादा, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आणताय ना?"